बेलमच्या वाटेवर जंगूबाई

आमच्या घरात गेले दोन महिने वहीचा एक कागद फिरतो आहे. त्याच्या डाव्या अंगाला नातवाच्या तेलुगू अक्षरांत आणि उजव्या अंगाला माझ्या मराठी अक्षरांत एकाच प्रवासाचा बेत मांडलेला आहे. आदिलाबादहून बेलमच्या गुहा. नातू सातवीत आहे. वर्गात कुणीतरी या गुहांची चित्रे आणली आणि त्याच संध्याकाळी दप्तर खाली ठेवायच्या आधी त्याने जाहीर करून टाकले, "आबा, संक्रांतीच्या सुट्टीत बेलमला जायचं." मुलगा म्हणाला, गाडी करू. सूनबाईंनी विचारले, आत जीव गुदमरत नाही ना? आणि सौ. म्हणाल्या, "देव असंल तर येते. नुसता अंधार पाहायला दोनशे कोस कशाला जायचं? अमावास्येला अंगणात पाहते की."

मी निवृत्त इतिहास-शिक्षक. कुठेही जायचे म्हटले की आधी त्या गावाचा दाखला काढायचा ही माझी जुनी खोड. जन्म कधीचा, मूळ कोणते, आधी कोणत्या सरकारात होते. सौ.चे म्हणणे असे की मी निघण्यापूर्वीच जाऊन परत आलेला असतो. या वेळीही तसेच झाले. बेलमचा दाखला काढायला बसलो आणि फिरत फिरत आमच्याच जुन्या जिल्ह्याच्या जंगलात येऊन थांबलो. ते कसे, ते सांगतो.

वाट तशी सरळ आहे. आमच्या गावाजवळून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४, म्हणजे जुन्या माणसांच्या तोंडचा सात नंबरचा रोड, निर्मल, कामारेड्डी करत सुमारे तीनशे किलोमीटरवर हैदराबादला पोचतो. तोच पुढे दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर जाऊन, तुंगभद्रा ओलांडून कर्नूलात शिरतो. तिथून बनगानपल्लीच्या अंगाने कोलिमिगुंडला मंडल आणि त्यात बेलम, आणखी शंभरेक किलोमीटर. रेल्वेने जायचे तर ताडिपत्री हे स्टेशन जवळ, तीसेक किलोमीटरवर. पण आमची कृष्णा एक्स्प्रेस तिरुपतीला विजयवाड्याचा वळसा घेऊन जाते, तिचा इथे उपयोग नाही. तेव्हा गाडीच. गाडीवाल्याने पहिला प्रश्न विचारला तो अंतराचा नव्हे. "साहेब, तिकडं आंध्रात जायचं म्हणजे त्या राज्याचा टॅक्स वेगळा." खरेच की. बेलम २००२ साली खुले झाले तेव्हा आपण सगळे एकाच राज्यात होतो. २ जून २०१४ ला तेलंगण झाले आणि गुहा परराज्यात गेल्या. नातवाने लगेच कागदावर एक रकाना वाढवला: गाव, अंतर, मुक्काम, राज्य.

बेलम म्हणजे काय, असे मी त्याला विचारले. तो म्हणाला, "बिलम्. तेलुगूत बिलम् म्हणजे होल." मी म्हटले, अरे, आपण बीळ म्हणतो तेच हे. मूळ संस्कृत बिल. ते तिकडे बिलम् झाले, इकडे बीळ. दोन भाषांत वाढणाऱ्या आपल्या मुलांना असे सापडले की फार आनंद होतो. पण त्याचा पुढचा प्रश्न होता, "म्हणजे आपण उंदराच्या बिळात चाललो?"

बीळ खरे, पण सव्वातीन किलोमीटर लांबीचे. शेताच्या सपाट जमिनीत विहिरीसारखी भोके आहेत, त्यांतल्या एकातून पायऱ्यांनी खाली उतरायचे. लोकांसाठी त्यातला सुमारे दीड किलोमीटरचा भाग खुला आहे. दिवे, वाटा, छोटे पूल केलेले आहेत. वरून नळकांड्यांनी ताजी हवा सोडतात, तरी आत घाम फुटतो असे जाऊन आलेले सांगतात. सूनबाईंना हे सांगितले तेव्हा त्यांचे अर्धेच समाधान झाले. दालनांची नावे तेलुगू आहेत: सिंहद्वारम्, कोटिलिंगालु, सगळ्यांत खोल जागी पातालगंगा. कोटिलिंगे आणि गंगा ऐकल्यावर सौ.चा विरोध मावळला. एका दालनाचे नाव 'वेयि पडगलु', म्हणजे सहस्र फणा. तेलुगू वाचकांना या नावाची विश्वनाथ सत्यनारायणांची कादंबरी ठाऊक असतेच. तिचा हिंदी अनुवाद 'सहस्रफण' पी. व्ही. नरसिंह रावांनी केला आणि त्यांनीच हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' तेलुगूत नेली. जाता जाता सांगितले. आमच्यासारख्या घरांना अशी माणसे जवळची वाटतात.

ही गुहा झाली कशी, हे मी घरच्यांना ओट्यावर दाखवले. बेलमचा दगड म्हणजे काळी चुनखडी. नुसते चुनखडी म्हटल्याने काही डोळ्यांसमोर येत नाही, पण कडप्पा म्हटले की प्रत्येक मराठी स्वयंपाकघर उभे राहते. आपला ओटा, फडताळाच्या फळ्या, तुळशीवृंदावनाचा माथा, सगळे त्या कडप्पाचे. आणि तो येतो कडप्पा जिल्ह्यातून आणि ताडिपत्रीच्या आसपासच्या खाणींतून. ओट्यावर लिंबाचा रस सांडून राहिला तर पांढरट डाग पडतो, कितीही घासला तरी जात नाही. हे सौ.ना माझ्यापेक्षा चांगले माहीत. कारण आंबट रस चुनखडीला खातो. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट झालेले असते. ते भेगांतून झिरपत, लाखो वर्षे दगड खात राहिले. जमिनीखाली ओहोळ वाहिले. पुढे पाण्याची पातळी खाली गेली आणि मागे पोकळ्या उरल्या. मग त्याच पाण्यात विरघळलेला चुना छतातून थेंबाथेंबाने गळत वरून सुळके आणि खालून लिंगे घडवत बसला. सौ. म्हणाल्या, "म्हणजे एवढी मोठी गुहा लिंबाच्या डागातून झाली म्हणता." शास्त्रज्ञ हरकत घेतील, पण मी घेतली नाही.

चुनखडी आमच्याकडेही आहे. पैनगंगेच्या काठचा हा दगड भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत पैनगंगेच्याच नावाने नोंदलेला आहे. आमच्या चुनखडीच्या नशिबी मात्र सिमेंट आले. मंचिर्यालला, पलीकडे गडचांदूरला कारखाने निघाले. आदिलाबादचा केंद्र सरकारचा कारखाना नव्वदच्या दशकात बंद पडला.

इथवर दगडाचे झाले. माणसांचा इतिहास पाहू लागलो तर पहिलाच माणूस ओळखीचा निघाला. विल्यम किंग. भारतीय भूगर्भ सर्वेक्षण खात्यातला हा अधिकारी. कडप्पा आणि कर्नूलकडच्या खडकांवरचा त्याचा ग्रंथ १८७२ चा. प्राणहिता-गोदावरी खोऱ्यावरचा १८८१ चा. म्हणजे बेलमच्या आसपासचा मुलूख आणि आमच्या दाराशी येणारे खोरे, दोन्ही याच माणसाने पायाखाली घातले. सिंगरेणीच्या कोळशाचा शोधही त्याच्याच नावावर आहे. तिथल्या एका थराला खाणवाले आजही किंग सीम म्हणतात. पुढे आमच्या जुन्या जिल्ह्यात बेल्लमपल्ली, मंदमर्रीला खाणी झाल्या. तिथली माणसे पोटासाठी रोज पाताळात उतरतात. पैसे देऊन उतरायचे म्हटले तर ती हसतील.

किंगसाहेबांच्या नावाची एक गंमत आहे. बेत ठरवताना मुलाने विशाखापट्टणमकडच्या बोर्रा गुहांचेही नाव काढले होते. त्या डोंगरात आहेत, अराकूच्या रेल्वेने जाता येते, पण आम्हांला फार लांब. त्यांची माहिती वाचताना ठिकठिकाणी छापलेले दिसले की १८०७ साली भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या विल्यम किंग जॉर्ज यांनी बोर्रा गुहा शोधल्या. आता हे खाते निघाले १८५१ साली! जे खातेच नव्हते त्याच्या अधिकाऱ्याने गुहा कशी शोधावी? आणि आमचा किंग तर १८८७ ते १८९४ या काळात त्या खात्याचा प्रमुख होता; १८०७ साली त्याचा जन्मही झालेला नव्हता. एकाने छापले, दुसऱ्याने उतरवले, आणि एका पाटीवरून दुसऱ्या पाटीवर ते वर्ष चालत राहिले. चाळीस वर्षे उत्तरपत्रिका तपासल्यामुळे शेजारच्याचे बघून लिहिलेले उत्तर मला लांबूनच ओळखू येते.

बेलमची नोंद मात्र पक्क्या माणसाने केली. रॉबर्ट ब्रूस फूट. १८६३ च्या मे महिन्यात मद्रासजवळ पल्लावरमला याला दगडाचे एक हत्यार सापडले आणि भारतात अश्मयुग होते हे सिद्ध झाले. हा माणूस गुहांकडे वळला तो एका पत्रामुळे. विलायतेत टी. एच. हक्स्ले या शास्त्रज्ञाला वाटत होते की युरोपातल्या गुहांत जशी पुरातन माणसाची आणि प्राण्यांची हाडे मिळतात तशी भारतातही मिळतील. त्याने मद्रासचे गव्हर्नर ग्रँट डफ यांना कर्नूलच्या गुहा खणायला सुचवले, आणि काम फूटकडे आले. बेतमचर्लाजवळच्या बिल्ला सुरगम गुहांची माहिती कॅप्टन न्यूबोल्डने १८४४ सालीच दिली होती. नावात पुन्हा आपले बीळ आहेच. फूटने १८८४ साली तिथे खणायला सुरुवात केली, पुढे त्याचा मुलगा हेन्री याने काम नेटाने चालवले. प्राण्यांची पुष्कळ हाडे निघाली. बेलमची नोंदही त्याच साली झाली.

हे सगळे तिकडेच का झाले आणि आमच्याकडे का नाही, याचे उत्तर १८०० सालात आहे. कंपनीच्या फौजेच्या खर्चापोटी निजामाने कडप्पा-बल्लारीकडचा मुलूख त्या वर्षी इंग्रजांना तोडून दिला. तिकडे इंग्रजी कचेऱ्या, नकाशे, गॅझेटियर आले. एदलाबाद निजामाकडेच राहिले. किंग येऊन कोळसा बघून गेला; पण बिळे उकरायला सांगणारा गव्हर्नर आमच्याकडे नव्हता.

फूटनंतर बेलमकडे जवळजवळ शंभर वर्षे कुणी फिरकले नाही. १९८२ ते १९८४ या काळात डॅनियल गेबाउअर या जर्मन संशोधकाच्या तुकडीने आत सरपटत जाऊन मोजमाप केले, तेव्हा ३२२९ मीटर हा आकडा मिळाला. मध्यंतरी गावाला ती माहीत नव्हती असे नाही. पूर्वी जैन-बौद्ध भिक्षू तिथे राहून गेले असे सांगतात, आणि आपल्या काळात तर गावाचा केरकचरा टाकायला ती फारच सोयीची होती. स्थानिक मंडळींनी पाठपुरावा केला, पर्यटन महामंडळाने घाण उपसून वाट केली आणि फेब्रुवारी २००२ मध्ये बेलम लोकांसाठी उघडले. लोकांसाठी खुल्या असलेल्या गुहांत भारतातली सर्वांत लांब म्हणून ती आज ओळखली जाते. २०२२ च्या एप्रिलपासून ती कर्नूलऐवजी नंद्याल जिल्ह्यात आहे.

एवढा दाखला तयार करून मी खुशीत होतो. त्यात दिवाळीच्या तोंडावर माझे एक जुने सहकारी घरी आले. उटनूरकडे प्राथमिक शाळेत होते, जातीने परधान. मी मोठ्या उत्साहाने त्यांना कागद दाखवला. किंग, फूट, हक्स्ले, सगळे ऐकवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. चहा संपवला आणि म्हणाले, "गुरुजी, बीळ पाहायला इतक्या दूर चालले. आमच्या मायच्या दारी कधी आले?"

माय म्हणजे जंगूबाई. केरामेरी मंडलात, महाराजगुड्याच्या जंगलात, महाराष्ट्राच्या अगदी शिवेवर तिची गुहा आहे. पूस महिन्यात तेलंगण आणि महाराष्ट्र दोन्हीकडचे गोंड तिथे येतात, दिवे घेऊन आत जातात. मी जन्मलो या जिल्ह्यात, नोकरी केली या जिल्ह्यात. केसलापूरच्या नागोबाला दोनदा गेलो आहे. जंगूबाईला गेलो नाही. नुसते नाव ऐकले होते. खरे सांगायचे तर त्यांच्या प्रश्नावर मला काही बोलता आले नाही.

ते गेल्यावर मी पुन्हा पुस्तकांत शिरलो, आणि ज्या गोष्टीला मी इतकी वर्षे लोककथा म्हणून बाजूला ठेवले होते ती पुढे येऊन बसली. गोंडांच्या उत्पत्तीची कथाच गुहेची आहे. श्रीशंभू महादेवाने गोंडांच्या देवांना, म्हणजे त्यांच्या मूळपुरुषांना, एका गुहेत कोंडले आणि तोंडावर धोंडा लावला. पहांदी कुपार लिंगालने त्यांची सुटका केली, त्यांना कुळे वाटून दिली. जंगूबाई या मुलांची आई. कथेची रूपे अनेक आहेत. गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यातली कचारगडची प्रचंड गुहा हीच ती, असे मानून माघी पौर्णिमेला तिथे मोठी यात्रा भरते.

ही कथा पहिल्यांदा छापली गेली १८६६ साली. नागपूरला स्टीफन हिस्लॉप नावाचे मिशनरी होते. त्यांनी ती एका परधानाकडून उतरवून घेतली होती. १८६३ साली टाकळघाटजवळ ओढ्याच्या पुरात ते बुडून गेले आणि त्यांचे कागद रिचर्ड टेंपलने प्रसिद्ध केले. मजा अशी की हे हिस्लॉपही भूगर्भाचे अभ्यासक. नागपूरकडच्या खडकांवर आणि जीवाश्मांवर त्यांनी पुष्कळ लिहिले. दगडांचा हा जाणकार गुहेची गोष्ट ऐकायला परधानासमोर बसला. मी इतिहासाचा मास्तर असून कधी बसलो नाही.

आमच्या जिल्ह्यात हे काम क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी केले. १९४० साली जोडेघाटला कुमरम भीम मारले गेले, निजाम सरकार हादरले, आणि त्यानंतर आदिवासींची स्थिती समजून घेण्यासाठी हा ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ मारलावाईला येऊन राहिला. आदिलाबादच्या राजगोंडांवरचा त्याचा ग्रंथ १९४८ चा. गोंड मुलांसाठी त्या काळी निघालेली गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत होती. हायमेनडॉर्फने एक गोष्ट नोंदवली आहे, जी आपल्यापैकी प्रत्येकाला माहीत असायला हवी: गोंडांचे हे पुराण गाणारे परधान घरात मराठी बोलतात. किंगरी हातात घेतली की गोंडी, खाली ठेवली की मराठी. म्हणजे आमचे हे सहकारी माझ्याच भाषेतले. शिक्षक-संघाच्या बैठकांना आम्ही वीस वर्षे शेजारी बसलो, बदल्या आणि पगार यांवर तासन्‌तास बोललो. त्यांचे वडील रात्ररात्र जागून गुहेची कथा गात, हे त्यांनी मला परवा सांगितले. कारण मी परवाच विचारले.

आणि त्या गुहेची जागा पाहा. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांत झाले तेव्हा आमच्या जिल्ह्याचे किनवट आणि राजुरा तिकडे गेले. माझे थोरले काका किनवटला, आम्ही इकडे. एका रात्रीत काकाचे घर परराज्यात. राजुऱ्याच्या शिवेवर, आताच्या जिवती तालुक्याकडे, काही गावांचा निकाल मात्र लागलाच नाही. परमडोली, मुकदमगुडा, महाराजगुडा अशी ही चौदा गावे. दोन्ही राज्यांचा त्यांच्यावर दावा. तिथल्या माणसांनी दोन्हीकडे मते दिली, दोन रेशनकार्डे बाळगली. शाळा एक मराठी, एक तेलुगू. जंगूबाई त्या चौदांतल्या महाराजगुड्याची. सरकारांना तिची हद्द ठरवता आली नाही, आणि पूस उजाडला की दोन्हीकडची माणसे एकाच तोंडातून आत जातात.

तिथेही बेलमसारखे दिवे आणि तिकीट व्हावे का, असे मुलाने विचारले. मला तसे वाटत नाही. बेलमची घाण काढून तिला उजेडात आणले ते चांगलेच झाले. तिथे दिवा लावणारे कुणी उरले नव्हते. इथे आहेत. यात्रेला येणाऱ्यांना बरा रस्ता आणि प्यायचे पाणी मिळावे, एवढे पुरे. ते मागायला आपण मराठी मंडळींनीही त्यांच्याबरोबर उभे राहायला हवे.

आता अडचण तारखांची. नातवाची सुट्टी संक्रांतीची, संक्रांत पुसात, आणि जंगूबाईही पुसातच. दोन दिवस घरात खल झाला. शेवटी सौ.नी निकाल दिला, "आधी घरची माय, मग गंगा." सहकाऱ्यांना फोन केला. ते म्हणाले, "या की गुरुजी. गाडी सोडून थोडं पायी चालावं लागंल. बाईंना हळू आणू." उटनूर, जैनूर करत केरामेरी, परत घरी, मधे एक दिवस विसावा आणि मग हैदराबादचा रस्ता, असे आता ठरले आहे. सौ.नी कापसाच्या वाती वळायला घेतल्या आहेत. बेलमसाठी मुलाने पाण्याच्या बाटल्या आणि पातळ सुती कपडे काढून ठेवले आहेत.

नातवाने कागद नव्याने आखला. पहिल्या ओळीत जंगूबाईचे नाव त्याने दोन्ही लिप्यांत लिहिले. अंतर, मुक्काम भरले आणि चौथ्या रकान्याशी येऊन थांबला. "आबा, राज्य कोणतं लिहू? गाडीवाल्याला टॅक्सचं सांगायचं आहे." मी म्हटले, तेवढा रिकामा ठेव, केरामेरीपर्यंतचे भाडे मात्र विचारून घे.